सासुरवाडीच्या तळ्याला वाळ्याचा वास कसा आला

भिसेगाव, कर्जत
रविवार, ता. ११ मार्च १९७९

रा. रा. सहदेवराव यांस कोंडाजीचा वाकून नमस्कार. तुम्ही वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण थोरले जावई, तेव्हा वाकणं आलंच. तुमचा खोकला कसा आहे? मैनाताईंची कंबर? (आमची विमल म्हणते, ताईला ओणवं बसून कपडे धुऊ देऊ नका.) आम्ही सगळे खुशाल. मला तुमच्याकडून काहीही नको आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पत्र निवांत वाचाल.

माझ्याविषयी एव्हाना तुमच्या कानावर काहीबाही आलंच असेल. ते खरं मानण्याआधी पुढची यादी वाचावी. सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलनंतर एक दिवसही कुणाच्या हाताखाली न शिकता मी या हातांनी केलेल्या वस्तू अशा : कंदिलाच्या उबेवर चालणारी अंडी उबवायची पेटी (एकोणीसपैकी सतरा पिल्लं), भजनी मंडळाच्या पेटीचा नवा भाता, माथेरानच्या एका हॉटेलवाल्याचा पाणी चढवायचा पंप (दुरुस्त नव्हे, नव्यानं केलेला), माझ्या सायकलच्या दुकानात चाकं सरळ करायची घोडी, जिच्यावर आजवर केलेलं एकही चाक वाकडं फिरत नाही, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र, नग एक. या यंत्राला दुर्बिणीसारखी लांब नळी नाही. काचेची कांडी दिव्यावर वितळवून राजगिऱ्याच्या दाण्याएवढा थेंब पाडायचा, तो पितळेच्या पट्टीतल्या भोकात बसवायचा, की झालं. असे त्रेसष्ट थेंब वाया गेले. चौसष्टावा बसला.

त्यातून पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या सासुरवाडीच्या तळ्याचं पाणी. (आपण तळं म्हणतो, पण घाट ना पायरी, खालापूरकडच्या त्या खाचरांच्या खाली आपोआप साचलेलं, लव्हाळ्यानं भरलेलं पाणथळच ते.) सहदेवराव, मी काय पाहिलं ते ऐका. एका थेंबात एक जीव होता, काचेसारखा आरपार. पोटात त्याचा शेवटचा घास दिसत होता. डोक्यावर दोन चाकं, आणि ती फिरत होती. मी आयुष्यात हजारो चाकं बसवली, आरे मोजून ताणले, पण इतकं खरं फिरणारं चाक नाही पाहिलं. आस नाही, तेल नाही, कुरकुर नाही. त्याच्या शेजारून हिरव्या मण्यांचा एक गोळा गरगरत गेला आणि त्याच्या पोटात त्याच्यासारखेच छोटे गोळे होते. मी टोपी काढून ठेवली. आजोबांच्या वेळेपासून म्हशी ज्यात बसतात त्या पाण्यात हे सगळं चाललेलं होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता.

आता दुःखाचं लिहितो. दोन वर्षांपूर्वी तळ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा पाइप तळ्यात सुटतो. सोमवारी पाणी जांभळं, गुरुवारी शेवाळी, शनिवारी सुट्टीमुळे नुसतंच काळं. जांभळ्या पाणकोंबड्या गेल्या, कमळपक्षी गेले. थेंब पाहावा तर रिकामा, धुतलेल्या बशीसारखा. वाडीवरची जनी, जी लहानपणापासून त्या तळ्यातल्या मासळीवर घर चालवते, तिच्या हातांची सालं निघतात. मी काठावर यंत्र लावून बसलो की ती पाटी आपटून म्हणते, "बघा जावईबापू, बघा, तुमच्या बघन्यानं मासं परत येत असतील तर मी पन बघते." कारखान्याला आता पावसाळ्याआधी दुसरा पाइप टाकायचा आहे. पाणी वाईट आहे असं सरकारी कागदावर आलं तर तो थांबतो. नाही आलं तर तळं संपलं, आणि जनीची चूलही.

म्हणून मी मुंबईच्या पाणी तपासणाऱ्या ऑफिसात अर्ज केला. अकरा मसुदे केले. सोबत चौतीस जिवांची चित्रं, प्रत्येकाखाली तारीख आणि वेळ. आणि काय सांगू, उत्तर आलं! पाटणकर नावाचे साहेब स्वतः यायचे ठरले. मी सासुरवाडीला निरोप धाडला, तो एवढाच : मुंबईचे पाहुणे येणार. (चूक झाली ती इथे. पाहुणे कशासाठी येणार, ते लिहिलं नाही.) जाऊन पाहतो तर तळ्यापर्यंत वाट झाडलेली, सडा, रांगोळी, आणि सासूबाईंच्या चुलीवर दोन कोंबड्या.

साहेबांनी सहा तपकिरी बाटल्या तळ्यात बुडवून भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. बुचांवर लाख लावायची होती, पण लाख वितळवायला विस्तव हवा आणि चूल वड्यांत गुंतलेली. साहेब भला माणूस, म्हणाले, होऊ द्या वडे. बाटल्या ओटीवर ठेवल्या. तेवढ्यात मी त्यांना तळ्याच्या कोपऱ्यात नेलं, जिथे झऱ्याचं ताजं पाणी येतं आणि अजून हातभर जागा जिवंत आहे. साहेबांनी यंत्राला डोळा लावला. तो काढीनात. बोलावणं आलं, वडे गार झाले, साहेब उठेनात. शेवटी उठले तेव्हा गुडघे चिखलात माखले होते. म्हणाले, "कोंडाजी, मी चार वर्षं कॉलेजात हेच शिकलो हो. मला कुणी सांगितलं नव्हतं की हे असं आहे." जेवणं झाल्यावर बाटल्यांना लाख लागली, आणि साहेब गेले.

बाराव्या दिवशी अहवाल आला. रंग नाही. गाळ नाही. पिण्यास उत्तम. शेवटची ओळ : 'किंचित सुवास, बहुधा वाळ्याचा.'

शिळफाट्याच्या चहाच्या टपरीवर कारखान्याची माणसं माझ्यासमोर तो कागद मोठ्यानं वाचून हसली. मी यंत्र उघडून पुसलं, पुन्हा बसवलं, पुन्हा उघडलं. तीन दिवस मला वाटत राहिलं की माझ्या चौसष्टाव्या थेंबानंच मला फसवलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी माझं उतरलेलं तोंड पाहिलं आणि आपणहून म्हणाल्या, "पाव्हन्याच्या पान्याचं मनाला लावून घेतलं व्हय? अवो, मी बघितलं नसतं तर! कुना मुडद्यानं त्यांच्या बाटल्यांत तळ्याचं पानी भरून ठेवलं व्हतं. आपल्या दारातनं पाव्हना घान पानी घेऊन जाईल? सगळ्या वतल्या, राखंनं घासल्या, झऱ्याचं पानी फडक्यानं गाळून भरलं, वर वाळा टाकला. गोड लागलं ना त्यांना?"

मी म्हणालो, "लागलं, आई. तसं कागदावर लिहून पाठवलंय त्यांनी." त्यांचा चेहरा काय उजळला! आता तो कागद त्यांनी माझ्याकडून मागून घेतलाय आणि आल्यागेल्याला दाखवतात.

मी मुंबईला जाऊन साहेबांना सगळं खरं सांगितलं. ते हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले. मग डोळे पुसून त्यांनी नवा अर्ज लिहून घेतला. गुरुवार ता. २२ ला पुन्हा येतात. या वेळी लाख वितळवायला मी स्टोव्ह नेणार आहे.

तब्येतीला जपावं. पोरांना आशीर्वाद.

आपला
कोंडाजी

ता. क. सासूबाईंना ता. २० ते २४ आपल्याकडे चेंबूरला न्यावं, एवढी कृपा करा. मैनाताईंची कंबर फारच धरली आहे असं कळवावं. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पाहुण्याला घाण पाणी देणं कुणालाही जमणार नाही, मलाही नाही.

आणखी एक. वाळ्याची गोष्ट मैनाताईंना सांगू नये. त्या आईला सांगतील, आणि आईंनी ते मनाला लावून घेतलेलं मला चालणार नाही.

अगदी शेवटचं. काल कारखान्याचे मॅनेजर स्वतः दुकानात आले होते. दुसरी तपासणी नको, असा चार ओळींचा कागद मी द्यायचा, आणि एक तारखेपासून त्यांच्या प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळायची. शिक्षणाची अट नाही. दारावर लावायची पाटी ते रंगवूनच घेऊन आले होते : माझं पूर्ण नाव, खाली 'तंत्रज्ञ'. अक्षर सुरेख होतं. मी दोनदा वाचली आणि परत दिली. पगार दरमहा साडेसातशे.