गगनध्वनी रेडिओचे अकरा बाक

२ जून १९६९, सोमवार
पुण्याहून कंपनीचं पत्र. गगनध्वनी रेडिओला यंदा वीस वर्षं पुरी झाली. त्यानिमित्त प्रत्येक डीलरनं आपल्या भागात 'लोकोपयोगी देणगी' द्यायची. खर्च कंपनीचा, नाव संस्थापक शेठ मोतीलाल यांचं. गावाची सोय आणि आपली पब्लिसिटी. झकास.

पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत, त्या विशेष महत्त्वाच्या नाहीत. दिवाळीपर्यंत साठ सेट विकले नाहीत तर खानदेशची एजन्सी माझ्याकडून काढून जळगावच्या रेडिओवाल्या रतिलालला देणार. साठ म्हणजे काय, नुसता हात हलवला की साठ. एप्रिल-मे मिळून तीन गेले, पण तेव्हा लग्नसराई होती, लोक गडबडीत होते. मंजू म्हणाली, अहो, रेडिओ लग्नसराईतच खपतो. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

३ जून
सासरे आले दोंडाईच्याहून. लालचंदजींचा तिकडे मिरचीचा मोठा व्यापार. चहा पिता पिता म्हणाले, दिवाळीपर्यंत बघा, नाही जमलं तर धुळ्याचं दुकान बंद करून आमच्या गादीवर येऊन बसा. मला मिरचीचं पोतं लांबून दिसलं तरी सटासट शिंका येतात. मी हसलो. ते हसले नाहीत.

संकल्प : रोज पाचला उठणार. रोज एक गाव करणार. रतिलालचं नावसुद्धा काढणार नाही.

४ जून
उठायला साडेसात झाले. स्वप्नात रतिलाल आला होता.

१२ जून
शिंदखेड्याला जाऊन आलो. तिथले सरपंच लोटन आबा पाटील. वजनदार माणूस, दोन्ही अर्थांनी. कंपनीतर्फे गावाला काय पाहिजे असं विचारलं. म्हणाले, बसायला जागा नाही कुठं. ठरलं. अकरा सिमेंटचे बाक, प्रत्येकाच्या पाठीला संगमरवरी पाटी. कंपनीचं नाव अख्ख्या तालुक्याच्या पाठीला टेकणार. अशी कल्पना सुचायला डोकं लागतं.

१६ जून
पाट्यांचं काम नथ्थू मिस्त्रीला दिलं. धुळ्यात संगमरवरावर इतकी सुबक अक्षरं दुसरा कोणी काढत नाही. देवळाच्या पायऱ्या, पाणपोया, घाटावरचे दगड, सगळीकडे त्याचाच हात. तो अक्षरं मोजून भाव घेतो. मी लिहून नेलं होतं, 'गगनध्वनी रेडिओ, पुणे. संस्थापक शेठ मोतीलाल. जनतेची वीस वर्षांची अखंड व निष्ठापूर्वक सेवा.' त्यानं भाव सांगितला. मी कंपनीचं हित पाहून मजकूर आटोपता केला :

शेठ मोतीलाल
गगनध्वनी रेडिओ, पुणे
१९४९–१९६९

नथ्थूनं विचारलं, तारीख एक टाकू का दोन? म्हटलं दोन टाक, वीस वर्षं दिसली पाहिजेत. बाजूनं एक वेलबुट्टी आणि वर एक समई त्यानं फुकट काढून देतो म्हणाला. फुकट कोण सोडतं?

१७ जून
मंजूनं कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. काहीतरी सांगत होती. मी कंपनीला प्रगतीचा अहवाल लिहीत होतो.

७ जुलै
लोटन आबांना विचारलं, गावात जास्तीत जास्त माणसं एका जागी, जास्तीत जास्त वेळ कुठं बसतात? आबांनी विचार केला आणि म्हणाले, खरं सांगू का, स्मशानात. उन्हातान्हात दोन-दोन तास बसावं लागतं आणि खाली नुसते काटे.

मी उडालोच. दोन तास! कुणी उठून जात नाही, बोलणं बंद, समोर दुसरं बघायला काही नाही. मुंबईच्या मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचलं नसेल. चार बाक तिकडे, सात एस.टी. स्टँडवर.

२१ जुलै
माणूस चंद्रावर उतरला. बातमी ऐकायला माझ्या दुकानापुढं आग्रा रोडवर दीडशे माणूस. रहदारी बंद. सेट एकही गेला नाही. अमेरिकेनं माणूस चंद्रावर पोचवला आणि मला एक तीन बँडचा सेट शिंदखेड्याला पोचवता येत नाही म्हणजे काय! पोचवणारच. बाक उद्या बसताहेत.

२३ जुलै
बाक बसले. छान दिसतात. सुगंधाबाई म्हणून एक म्हातारी स्टँडवर शेंगा विकते. तिनं पदरानं पाटी पुसली, हात जोडले. ब्रँडविषयी खेड्यात इतका आदर असेल असं वाटलं नव्हतं. कंपनीला तसं कळवलं.

१५ ऑगस्ट
शाळेत शेठजींचा मोठा फोटो दिला. फोटोला हार कसला घालावा हा प्रश्न होता. फुलांचा दोन दिवसांत सुकतो, म्हणून चंदनाचा घातला, कायमचा. मंजू म्हणाली हार नको, चंदनाचा तर नकोच नको. तिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवय आहे.

फोटो थोर पुढाऱ्यांच्या रांगेत लावला. त्या सगळ्यांना तसलेच हार आहेत, म्हणजे माझं बरोबरच होतं. हेडमास्तरांनी झेंडावंदनानंतर सगळ्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं शांतता पाळली. साडेचारशे पोरं, चिडीचूप. उद्घाटनाची ही काहीतरी नवीन पद्धत असावी. मीही उभा राहिलो.

२४ ऑगस्ट, रविवार
आज धन्य वाटलं. लोटन आबा बारा माणसं घेऊन एस.टी.नं खास धुळ्याला दुकानात आले. आले आणि खाली सतरंजीवर बसले. बोलणं नाही. चहा मागवला, कुणी घेतला नाही. पाणीसुद्धा नको म्हणाले. पंधरा मिनिटांनी आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार मोठ्या मनाचा माणूस, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो ना, शेठजी आहेतच तसे. त्यावर आबांनी मान फिरवली आणि डोळे पुसले. जाताना 'येतो' सुद्धा म्हणाले नाहीत.

मंजू आतून बघत होती. म्हणाली, अहो, माणसं अशी कुणाच्या घरी येऊन बसतात? मी म्हटलं, हे घर नाही, दुकान आहे. तिला फरक समजावून दिला. एका डीलरच्या दुकानात बारा माणसं पंधरा मिनिटं! रतिलालकडे पाच मिनिटं कुणी बसत नसेल.

सेट : शून्य. पण गुडविल प्रचंड.

९ सप्टेंबर
शिंदखेड्याचा एक कापूसवाला शेतकरी आला. तीन बँडचा सेट तासभर वाजवून बघितला. आवाज आवडला. मग विचारलं, बिघडला तर आता पुण्यात बघणार कोण? मी म्हटलं कारखाना जोरात चालू आहे. त्यानं हळहळून मान हलवली आणि म्हणाला, हो, पोरं बघत असतील बिचारी. शेठजींच्या मुलाबाळांचीही चौकशी! केवढी ही आपुलकी. सेट मात्र नेला नाही.

२० सप्टेंबर
गणपतीत कंपनीतर्फे कुस्त्यांची दंगल ठेवणार होतो. आबा म्हणाले, यंदा कंपनीच्या नावानं कुस्त्या बऱ्या दिसणार नाहीत, त्यापेक्षा भजन ठेवू. ठेवलं. टाळमृदंगात शेठजींचं नाव चार वेळा घेतलं. बायका रडत होत्या. भजनी बुवांचा गळा फार गोड.

११ ऑक्टोबर, शनिवार
सर्वपित्री. शिंदखेड्याहून निरोप्या सांगत आला की गावातल्या सात घरांनी आज शाळेतल्या शेठजींच्या फोटोपुढं पान वाढलं. खीर, वडे, सगळं. आता मात्र मला जरा चमत्कारिक वाटलं. जेवताना खीर बाजूला सारली. मंजू माझ्याकडे बघत होती.

मग विचार केला, पंधरवड्यात सगळ्यांकडे खीर होतेच. उरली असेल. कंपनीला लिहिलं, 'शिंदखेड्यात घरोघरी शेठजींच्या नावाचा नैवेद्य.' एकूण विक्री आजवर चार. त्यातला एक सासऱ्यांनी घेतला.

१६ ऑक्टोबर
तार! मोतीलाल शेठ बुधवारी स्वतः येताहेत. माझे अहवाल वाचून त्यांना शिंदखेडं बघायचंय. एजन्सी पक्की. एवढंच नाही, बहुतेक नाशिकही मलाच देतील. गावात कळवलं नाही. एकदम समोर उभं करायचं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला वेगळंच आठवेल.

मोटार अकराला स्टँडवर पोचली. शेठजी साठीचे, गोरे, पांढरं धोतर, पांढरी टोपी. उतरले. पहिल्याच बाकावरची माणसं त्यांच्याकडे बघून उठली आणि मागं सरकली. मला वाटलं, मान देताहेत. मग दुसऱ्या बाकावरची सरकली. स्टँड हळूहळू गप्प झाला. कंडक्टरनं घंटी वाजवायची थांबवली.

सुगंधाबाई शेंगांची टोपली खाली ठेवून पुढं आली. शेठजींच्या अगदी जवळ येऊन तोंडाकडे बघत राहिली. मग सगळ्यांना सांगितल्यासारखं म्हणाली, "अरे, हाऊ ते जित्ता शे."

कुणी हसलं नाही. शेठजींनी मला विचारलं, बाई काय म्हणाल्या? मी म्हटलं, स्वागत करताहेत. पण तोवर ते पाटीपाशी गेले होते. चष्मा लावून वाचली. समई बघितली. दोन्ही सालांवरनं बोट फिरवलं. लोटन आबा धावत आले, टोपी हातात. त्यांनीच हात जोडून सगळं सांगितलं. आमच्याकडे बाकावर, पाणपोईवर, पंख्याच्या पात्यावर नाव घालतात ते गेलेल्या माणसाचं. जित्या माणसाचं नाव दगडावर कोण घालतो शेठ? त्यात दोन सालं, त्यात चंदनाचा हार, त्यात स्मशानात बाक. आम्ही काय समजणार? गावानं तुमचं सगळं केलं. काही कमी ठेवलं नाही.

शेठजींनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि रेडिओ?"

आबा ओशाळले. म्हणाले, "शेठ, मालकच गेल्यावर त्याचा रेडिओ कोण घेईल? आम्ही पंचेचाळीस सेट जळगावच्या रतिलालकडून घेतले. दुसऱ्या कंपनीचे. तिचा मालक जित्ता शे म्हणून."

सुगंधाबाईनं शेठजींच्या हातात मूठभर शेंगा दिल्या आणि म्हणाली, मी रोज पाटीपुढं दिवा लावत होते, आता नाही लावणार. शेठजींचे डोळे भरून आले. ते माझ्या भावनिक जाहिरातीचं यश आहे असं मी मोटारीत त्यांना म्हटलं. धुळ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला नाशिक द्यावं की नाही याचा विचार करत असावेत.

२३ ऑक्टोबर
शांतपणे विचार केला. खरं पाहता दोष नथ्थूचा. समई त्याची.

२ नोव्हेंबर
पुण्याचं पत्र. उघडलं नाही. मंजूला म्हटलं, दिवाळीनंतर मुहूर्तावर उघडू. ती म्हणाली, उघडा.

खानदेशची एजन्सी रतिलालला. फोटो तातडीनं उतरवावा, पाट्या काढाव्यात. शेठजींनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे : 'माझ्या पश्चात लोक काय म्हणतील ते तुमच्यामुळे कळले, त्याबद्दल आभारी आहे.' म्हणजे मनातून खूश आहेत.

नाही. खूश नाहीत. वाईट वाटलं. दुकानात बसून रडलो थोडा. दुकान आपलं असावं एवढंच वाटत होतं मला, बाकी काही नाही. आठ वर्षं सकाळी शटर उघडून पहिल्या सेटचं बटण फिरवायचो, तो आवाज आला की मला माझं काहीतरी आहे असं वाटायचं.

५ नोव्हेंबर
शिंदखेडं. पाट्या काढायला गेलो. आबा म्हणाले, एकदा दिलेलं दान मागं घेत नसतात, पाप लागतं. बाक हलणार नाही, पाटीही हलणार नाही. शेवटी तडजोड झाली. नथ्थूनं छिन्नी घेऊन दुसरं साल तेवढं खरवडलं. त्या कामाला अक्षरं मोजून भाव लावला.

९ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पूजेला वही नव्हती. मंजूनं देव्हाऱ्यापुढं माझ्या दुकानाची किल्ली ठेवली.

२४ नोव्हेंबर, दोंडाईचा
गादीवर पहिला दिवस. सकाळपासून एकशे चौदा शिंका, नंतर मोजणं सोडलं. लालचंदजींनी चांगलं वागवलं. दुकानात माझ्यासाठी पांढरी गादी, तक्क्या, पाण्याचा तांब्या, सगळं आधीपासून मांडलेलं. उशीला अभ्रासुद्धा माझ्या नावाचा भरलेला. इतकी तयारी आठवड्यात कशी केली म्हणून मी कौतुक केलं. सासरे म्हणाले, आठवड्यात कुठली, अभ्रा तर मंजूनंच भरून पाठवला होता. आषाढात.

संध्याकाळी मंजूला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, हो, नथ्थूच्या पाटीचा कागद वाचला त्याच दिवशी बाबूजींना पत्र टाकलं, जागा तयार ठेवा म्हणून.

मला राग आला. म्हटलं, तुला जूनमध्ये कळलं होतं, तर मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही लिहीत होतात."