दुसरा रिमोट

रविवार, ९ नोव्हेंबर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. आईने शिकवलेला मायना आहे म्हणून लिहिला. खरोखरचा साष्टांग घालायला आता माझे गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी ठीक आहे. लॅबमध्ये सध्या कवळ्यांचा ढीग लागलाय, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ठरवून दात पाडल्यासारखा. दिवसभर मेणात दात रोवायचे, साचे भट्टीत घालायचे आणि संध्याकाळी नाकातून प्लास्टरची धूळ काढायची. खालच्या मजल्यावरच्या बाईने पुन्हा माझ्या दोरीवर आपले टॉवेल टाकलेत. मी ते खाली पाडते, ती परत टाकते. असं आमचं बरं चाललंय.

तुझं अक्षर अजून मुंग्यांचंच आहे. डाव्या हाताला सुया, बाजूला मशीन घरघरतंय आणि मोकळ्या उजव्या हाताने तू बहिणीला पत्र लिहितोयस, हे बघून वहिनी नक्की रडली असेल. ती लगेच रडते. एक दिवसाआड चार-चार तास तसं पडून राहायचं म्हणजे सोपं नाही, ते मला कळतं. वहिनीची साखर आडवी आली, माझी किडनी जुळली नाही, आणि दवाखान्याच्या यादीत तुझ्यापुढे अजून खूप माणसं आहेत, हेही माहीत आहे. त्यावर तू लिहिलंस, ‘तू तपासण्या करून घेतल्यास हेच माझ्यासाठी खूप झालं.’ ते वाक्य वाचलं, पत्र खाली ठेवलं, भांडी घासली आणि मग पुढचं वाचलं.

पुढे तर तू कमालच केलीस. माळ्यावरून आपला जुना व्हिडिओ गेम काढलास, अडॅप्टर बदलून घेतलास, आणि तो चालला! आणि मशीनवर पडल्यापडल्या तू आपल्या आवडत्या पाच खेळांची यादी केलीस. गाड्यांची शर्यत, रणगाडे, बदकांची शिकार, कराटे, आणि पहिल्या नंबरावर तो जंगलातला गोळीबार, ‘जो आपण दोघं मिळून खेळायचो’. शेवटी विचारलंस, ‘बुटके, तुझे आवडते कोणते ते कळव. बघू जुळतात का.’

जुळतात का, म्हणे. तुला शब्दसुद्धा नेमके सुचतात.

बरं, कळवते.

मला सगळ्यात आवडायचा तो फुग्यांचा. पाठीला दोन फुगे बांधलेला माणूस हात हलवत तरंगायचा. खाली पाणी, पाण्यात तो भला मोठा मासा. तुला तो ‘बायकी’ वाटायचा, म्हणून तू बाहेर गेलास की मी खेळायचे. त्यात कुणाला मारायचं नसेल तर मारावं लागायचं नाही. नुसतं तरंगत राहायचं. कॅसेटवर ‘नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ’ असं लिहिलेलं होतं आणि आत तेच सात खेळ पुन्हापुन्हा होते, पण हा एक तरी खरा होता.

दुसरा रणगाड्यांचा, पण तू खेळायचास तो भाग नव्हे. खेळ सुरू होण्याआधी आपलं आपण मैदान बांधता यायचं, आठवतं? विटा, लोखंड, पाणी, झाडी. मी तासन्‌तास बांधायचे. शत्रूपासून राखायच्या आपल्या पक्ष्याभोवती लोखंडाची दुहेरी भिंत, बाहेर पाणी, पाण्याबाहेर झाडी. बांधून झालं की तुला हाक मारायचे, कारण सुरू करायचं बटण फक्त पहिल्या रिमोटवर होतं, आणि तू घरात असलास की तो तुझाच. दुसऱ्यावर ते दिलेलंच नव्हतं. ना सुरू करता यायचं, ना थांबवता यायचं. ‘दादा, सुरू कर ना.’ तू यायचास, सुरू करायचास, आणि पहिली गोळी माझ्याच रणगाड्याला घालायचास. तो जागच्या जागी लटपटत राहायचा. तू हसून लोळायचास आणि बाबा म्हणायचे, ‘अरे, तिलाही खेळू दे की.’ त्यांचं शिस्त लावणं तेवढंच.

आता तुझा पहिला नंबर, जंगलातला गोळीबार.

दोघांना तीन-तीन आयुष्यं मिळायची. वरच्या कोपऱ्यात डावीकडे तुझी चिमुकली माणसं, उजवीकडे माझी. तू वेड्यासारखा पुढे पळायचास आणि पहिल्या धबधब्यापर्यंत तिन्ही उडवून बसायचास. मी आपली जपून. आडवी पडून, सरपटत, एकेक गोळी चुकवत. तू मेलास की मला वाटायचं, चला, आता शेवटचा राक्षस मी एकटी बघणार. तेवढ्यात माझ्या कोपऱ्यातलं एक माणूस नाहीसं व्हायचं आणि तू वरून टपकन खाली उडी मारायचास, ताजातवाना.

मी म्हणाले होते, ‘दादा, माझं एक आयुष्य गेलं! मी तर मेलेच नव्हते.’

तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालास, ‘मशीन कापतं. दुसऱ्या रिमोटवाल्याचं कापतंच मशीन.’

आणि मी ते मानलं. पुढची दोन-तीन वर्षं मानलं. मला त्या मशीनचा राग यायचा. एकदा तर मी त्याला चापटही मारली, त्यावरून आईचा ओरडा खाल्ला.

मग तू कॉलेजच्या सहलीला गेलास. मी दोन्ही रिमोट घेऊन बसले, एक हातात, एक मांडीवर. पहिल्याचा माणूस मारून टाकला, तिन्ही वेळा. मग उगाच त्याच्याच रिमोटचं लाल बटण दाबलं. उजव्या कोपऱ्यातलं एक माणूस गेलं आणि पहिला टपकन खाली आला. मी पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा तसंच. मशीन काहीच कापत नव्हतं. तू घरी आलास. तू माझ्यासाठी शिंपल्यांची माळ आणली होतीस, ती घातली आणि तुझ्यासोबत खेळायला बसले.

आता तू म्हणशील, ही बया तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं उकरून काढतेय. अरे, लहानपणी सगळेच थोरले भाऊ असं करतात. तेवढ्यावरून कोण कुणाचा राग धरेल? मीही धरला नव्हता. खरंच सांगते.

लॅबचं तुला आठवत असेल. मालकांनी दुसऱ्या शहरात शाखा काढली आणि तिथलं सगळं काम माझ्या हाती द्यायचं असं जवळजवळ ठरलं होतं. मी दोन सुटकेस धुवून उन्हात ठेवल्या होत्या. आई तेव्हा नुकतीच अंथरुणाला खिळली होती. मी तुला म्हणाले होते, ‘वर्षभर तू ने तिला, मग मी घेऊन जाईन.’ तू म्हणालास, ‘बघतो.’ आणि पुढच्याच आठवड्यात मालकांनी तिथे त्यांच्या भाच्याला पाठवलं. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून रडले. तू त्या संध्याकाळी मुद्दाम आलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास. म्हणालास, ‘मालक लोक असेच असतात गं. बाईमाणसाला पुढे करतच नाहीत. जगरहाटी आहे.’ मला किती बरं वाटलं होतं! माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी आहे, असं वाटलं.

मग आईचं सगळं मीच केलं. तिची कूस बदलायची, भरवायचं, पुसायचं, मधूनच ती मला ओळखायची नाही ते सोसायचं. तू दर महिन्याला फळं घेऊन यायचास. ती तुला मात्र ओळखायची. आई गेली तोपर्यंत माझी चाळिशी उलटली होती आणि घरात लग्नाचं विचारायला येणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सुटकेसमध्ये मी तिच्या चादरी ठेवायचे.

गेल्या वर्षी मालक निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि हळहळले. ‘तुम्ही त्या शाखेवर हव्या होतात. पण तुमचे बंधूच येऊन हात जोडून सांगून गेले ना, ताईंना घर सोडणं शक्य नाही, तुम्ही विचारलंत तर त्या भिडेने हो म्हणतील, म्हणून विचारूच नका. फार काळजी हो त्यांना तुमची.’

मी म्हणाले, ‘हो, काळजी फार.’ त्यांची रिकामी कपबशी हातात घेतली आणि मोरीत नेऊन ठेवली. तुला फोन करायचं दहादा मनात आलं. काय विचारणार होते? तू म्हणाला असतास, ‘अगं, तुझ्या भल्यासाठीच.’ आणि मला ते पुन्हा पटलं असतं, याचीच मला भीती वाटली.

मग तू आजारी पडलास. मला वहिनीचा फोन आला. तुझा नाही. वहिनी म्हणाली, ‘ताई, ह्यांना मागायचा संकोच वाटतो. तुम्हीच समजून घ्या.’ भाचीही फोनवर आली, ‘आत्या, बाबा बरा होईल ना?’ मी रजा टाकली आणि आले. रक्त दिलं, लघवी दिली, कसल्याशा बोगद्यात तासभर पडून राहिले. तू कॉटवरून माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, ‘बुटके, तू आहेसच.’ तेवढंच म्हणालास.

सगळ्या तपासण्या झाल्यावर दवाखान्यातल्या, दात्यांशी बोलणाऱ्या एका बाईंनी मला एकटीला खोलीत बोलावलं. वहिनी उठली तर तिला म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेरच थांबा.’ दार लावून घेतलं. मध्यम वयाच्या, जाड चष्म्याच्या, टेबलावर एक सुकलेलं झाड. मला म्हणाल्या, ‘रिपोर्ट छान आहेत तुमचे. भावाशी फार चांगलं जुळतंय. पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमची स्वतःची इच्छा आहे का? नसेल तर मोकळेपणाने सांगा. आम्ही घरच्यांना फक्त एवढंच सांगतो की दाता म्हणून ह्या चालणार नाहीत. कारण कुणालाही कळत नाही.’

मी विचारलं, ‘भावालाही नाही?’

‘त्यांनाही नाही.’

मी त्या झाडाची माती बोटाने चाचपली. त्याला पाणी घालायला हवं होतं. मग म्हणाले, ‘तसंच सांगा मग.’

बाहेर आल्यावर वहिनीने मला मिठी मारली. रडत रडत म्हणाली, ‘तुमचा काय दोष ताई? नाही जुळलं, नाही जुळलं. शरीराचं कुणाच्या हातात असतं?’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिला पाणी पाजलं, गाडीत बसवून दिलं. आणि दादा, घरी येऊन मी पोटभर जेवले. इतक्या वर्षांत एवढी गाढ झोप मला लागली नव्हती.

तर मशीन कुणाचं काही कापत नाही. बटण कुणीतरी दाबलेलं असतं. तुला आजवर ते माहीत होतंच, पण समोर बसून काही न कळण्याची बाजू तू कधी बघितली नव्हतीस. महिनाभर तू ती बघितलीस, आणि वर मला धन्यवाद दिलेस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

मी हे तुला कधीच कळू दिलं नसतं. तुझं तुला वाटलं असतं, नशीब. पण तू आवडते खेळ विचारलेस आणि त्यात तो पहिल्या नंबरावर लिहिलास. ‘दोघं मिळून खेळायचो’ असं लिहिलंस. माझ्याने राहवलं नाही.

त्या बाईंनी निघताना आपला नंबर दिला होता. म्हणाल्या, मन बदललं तर केव्हाही या. तो चिठोरा फ्रिजच्या दारावर लावलाय. दूध काढताना रोज दिसतो.

आता तू वहिनीला फोन करायला लावशील. लावू नकोस. भाचीला पुढे करू नकोस. ‘तू आहेसच’ असंही म्हणू नकोस. तू आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाहीस, दादा, नुसतं घेतलंस. यावेळी बटण माझ्या रिमोटवर आहे, तेव्हा तुला मागावंच लागेल. ‘बुटके, तुझी एक किडनी मला दे’ असं अख्खं वाक्य, तुझ्या त्या मुंग्यांच्या अक्षरात. मी हो म्हणेन असं समजू नकोस. बहुतेक नाहीच म्हणेन. पण तू मागितलेलं मला एकदा वाचायचंय.

वहिनीला माझा नमस्कार. हे पत्र तिला दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. दाखवलंस तर मालकांकडे कशाला गेला होतास, तेही सांगावं लागेल. भाचीला गोड पापा. तिच्यासोबत खेळतोस असं लिहिलंयस, तिच्या हातात कोणता रिमोट देतोस ते मात्र लिहिलं नाहीस.

प्रकृतीला जप. पाणी मोजून पी. उत्तर अगदी सावकाश लिही, मला घाई नाही.

तुझी,
बुटकी