कळ्यांना हात लावू नका

जीनान, दवाखान्यातून

मेइछिनच्या बाबांना नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. मेइछिन उठून बसते, बाजरीची पेज पिते. नात दीड महिना आधी आली म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवले आहे. काळजी करू नका.

सोनचांदीच्या वेली कळ्यांनी भरल्या असतील. उमलण्याआधी, सकाळीच खुडा. चटईवर पातळ पसरा आणि वाळेपर्यंत हात लावू नका. गेल्या वर्षी तुम्हाला राहवले नाही, उलटवल्यात आणि सगळ्या काळ्या पडल्या. औषधवाला फांग हसला होता, "वहिनी, औषध आणलंत की चुलीतली राख?"

काल मी पेटीत हात घालायला गेले तर नर्स ओरडली, "आजी, हात मागे! नुसतं बघायचं." तेव्हा तुमची आठवण झाली. आता बघतच बसते. श्वास घेताना पोरीचे पोट हलते, तेवढे पुरते.

ग्वानयिन देवीपुढे उदबत्ती लावता ना? एकच लावा, पण रोज लावा.

कळ्या पुऱ्या वाळल्या की चटईवर खुळखुळ वाजतात. मग खुशाल हात लावा. इथे तो दिवस अजून कोणी सांगितलेला नाही.

तुमची,
मेइछिनची आई