कोरडं फडकं

कारंजा (घाडगे),
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. मोहिनीस,
सप्रेम आठवण.

इकडे सर्व ठीक. तुळशीला पाणी घालतो. नागपूरहून आकांक्षाचा फोन आला होता. "बाबा, आई मामाकडं काऊन थांबली?" म्हणे. हरभरा काढायला गेली, असं सांगितलं.

गाडीचं बोनेट घरीच दुरुस्त केलं. गॅरेजवाला म्हणे, अख्खं रंगवावं लागते. त्याला काय कळतं! विहिरीवरच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही, तसंच हेही. आधी शाम्पूनं धुतलं. ओरखड्यावरून नख फिरवलं. अडकलं नाही, म्हणजे वरची चकाकी तेवढी गेली, रंग शाबूत. मग दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, एकाच दिशेनं, हलक्या हातानं. कडेला तर फारच जपून, तिथं रंग पातळ असतो. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश. आता शोधूनही रेघ सापडणार नाही.

घासताना ओरखडे नीट पाहावे लागतात. तू काढलेलं स्वस्तिक वीतभर, मधोमध. ओरखडे मात्र काचेपासून पार पुढच्या जाळीपर्यंत. तुझा हात तिथं गेलाच नव्हता.

पण हे मला घासताना कळलं असं लिहिलं, तर तेही खोटंच होईल.

केळझरला गणपतीसमोर गाडीची पूजा झाल्यावर तू म्हणाली होतीस, "राहू द्या ना, पुसू नका. अक्षता आहेत त्याच्यात." मी म्हटलं, "पांढऱ्या रंगावर हळदीचा डाग बसते, तुले नाई समजत." आणि कोरडं फडकं फिरवलं. मी! साऱ्या गल्लीला सांगतो, गाडी कोरडी पुसू नका म्हणून. फडक्याखाली तांदूळ करकरले. मोहिनी, ते मी तेव्हाच ऐकलं होतं.

मग चहाच्या टपरीवर उन्हात रेघा चमकल्या. तुझा भाऊच तो, गजेंद्र, बोलल्याशिवाय राहतो का? "भाऊजी, तुमच्या गाडीले रेघा? आज सूर्य कुठून निघाला!" तुझी भावजय प्रेरणाही पाहत होती. मी तुझा हात धरून वर केला. "हे पाहा हत्यार! किती सांगून राह्यलो, अंगठी घालून गाडीले हात लावू नको."

ते दोघं हसले. तू अंगठी काढून डॅशबोर्डवर ठेवलीस आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसलीस.

अंगठी तिथंच आहे. पॉलिश करताना काचेतून दिवसभर दिसत होती. फडकं मी स्टेपनीखाली दडवलं होतं, ते आज काढलं. घडीत अजून तांदळाचे पिवळे तुकडे आहेत.

फोनवर मी तुला बोलूच देत नाही, म्हणून शेजारच्या नत्थूच्या हाती हे पत्र तुझ्या भावाकडं, रोहण्याला पाठवतो. गजेंद्र आणि प्रेरणासमोर मोठ्यानं वाच. त्यांच्यापुढं तुझं हसं केलं, त्यांच्यापुढंच हे कळू दे.

मग हो म्हणालीस, तर अंगठी घेऊन येतो. एसटीनंच येईन. गाडीजवळ उभा राहिलो की मी पुन्हा शहाणा होतो.

तुझ्या हातावर स्वतःची चूक ढकलणारा,
कैलास