आखूड दोरीचा पाळणा

३१ मार्च

गौर बसली. पितळी पाळणा घासला, पन्हं केलं, दारात चैत्रांगण काढलं. लोकांकडे चैत्रात लेकी माहेरी येतात, आमच्याकडे फक्त गौर! आमची वैभवी याच गावात, सदर भागात राहते. अल्बर्टशी लग्न केलं तेव्हा हे म्हणाले, "या घरात तिचं नाव नको." ती म्हणाली, "बाबा बोलावतील तेव्हाच येईन." चार वर्षं झाली. बापलेक एका माळेचे मणी — मधे मी.

२ एप्रिल

चर्चचं काम घेतलं. जुनी, इंग्रजांच्या वेळची इमारत. बाळांचा बाप्तिस्मा करतात तिथली भिंत रंगवायची — द्राक्षवेल, गव्हाच्या ओंब्या, मासे. फादरना वाटतं, रिटायर झालेली चित्रकलेची बाई हौसेने आलीय. वैभवी दर रविवारी इथेच येते, हे मी कशाला सांगू!

८ एप्रिल

कागदावर वेल काढायची, रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात. ते जोडायचे — आपली रांगोळीच की!

आज कागद काढला नि बघतच राहिले. वेलीच्या टोकाला पाळणा! चैत्रांगणातला. हात सवयीने वळला होता. तोही वैभवीचा पाळणा — एक दोरी आखूड. लहानपणी दरवर्षी तसाच काढायची. मग हे फूटपट्टी घेऊन धावायचे, "अगं, बाळ पडेल ना!" जन्मभर कारखान्यात नकाशे काढलेला माणूस, वाकडी रेघ सहन होत नसे.

फादर आले. "दीदी, ये झूला किसका है?" मी गडबडले, पुसते म्हटलं. "रहने दीजिए. यहाँ बच्चे ही तो आते हैं."

१३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. खांबाआड बसले. वैभवी आली, हातात झावळीचं पान. केस कापलेत. बारीक झालीय. हाक मारणारच होते — पण तिला माझ्यासोबत बाबा हवेत, मी एकटी कोणत्या तोंडाने जाऊ? जाताना ती पाळण्यापाशी थांबली. खूप वेळ. मागे वळली असती तर!

१४ एप्रिल

जेवताना बोलून टाकलं. चर्चच्या भिंतीवर पाळणा उमटलाय, वैभवी काढायची तसा. ह्यांनी घास खाली ठेवला.

"दोरी काहून आखूड ठेवली?"

"तिची तशीच असायची."

ताटावरून उठले. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याविषयी बोलले, तेही दोरीसाठी!

२० एप्रिल

ईस्टर. गेले नाही. धीर झाला नाही.

२५ एप्रिल

अक्षय्य तृतीयेला गौर जाईल. आज हळदीकुंकू झालं. उरलेली आंब्याची डाळ शेजारी दिली. वैभवी वाडगा चाटूनपुसून खायची. डाळ वाटताना रडू आलं. मिरचीचं निमित्त केलं.

२८ एप्रिल

सकाळी हे म्हणाले, "डाळ भिजव. जरा जास्त." काहून, विचारलं तर पेपरात डोकं.

मी रंग भरायला चर्चमध्ये गेले. पाळण्याची दोरी पुरी झालेली! टोकदार पेन्सिलीने, फूटपट्टी लावून.

फादर हसत होते. "कल प्रार्थना के बाद एक साहब आए थे, सीढ़ी पर चढ़ गए. वैभवी सीढ़ी पकड़े खड़ी थी. रोती भी जाए, डाँटती भी जाए — 'बाबा, पडाल ना!'"