तक्त्यावरच्या सह्या

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? मी बरी आहे. आईचं खाली लिहिते.

आमचा सरकारी वृद्धाश्रम त्या गुंतवणूक कंपनीकडे गेला त्याला सहा महिने झाले. तू म्हणालास, "खासगी माणसं आली की शिस्त येईल." आली बाबा शिस्त! भिंती रंगल्या, दारात कुंड्या आल्या. मालक कोण म्हणून विचारलं तर मॅनेजर हसतो. "मावशी, मालक नसतो, फंड असतो." आता फंडाला म्हातारं माणूस कण्हताना ऐकू येतं का रे? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती.

वॉर्डात वीस खाटा. आधी पाच आया होतो, आता दोघी. अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि खाटेला टांगलेल्या तक्त्यावर सही करायची, हा जुना नेम. दोघींना कसं जमणार? तर मॅनेजर म्हणाला, "सकाळीच दिवसभराच्या सह्या करून टाका, तेवढाच वेळ वाचेल." काहीतरी काळंबेरं आहे हे कळत होतं. तरी केल्या.

बघ, अजून मी मुद्द्यावर येत नाहीये.

आईच्या कमरेखाली पडून पडून जखम झाली आहे, तळहाताएवढी. फोनवर मी "मजेत आहे" म्हणायचे, तेव्हाही होती. तिची खाट माझ्याच वॉर्डात, दादा. आधी परक्यांचं करू, नाहीतर लोक म्हणतील ही आपल्या आईचंच बघते. या भिडेपायी तिचा नंबर शेवटी लागायचा. कधी लागायचाच नाही. सही मात्र माझी. आणि ती म्हणायची, "राहू दे, दमली असशील."

काल कंपनीचा माणूस आला. जखम कंपनी येण्याआधीची आहे, असं लिहून द्या म्हणाला. "नाहीतर सह्या तुमच्याच आहेत, मावशी." किती गोड आवाज मेल्याचा! सकाळच्या सह्या कशाला हव्या होत्या ते तेव्हा उमगलं: दोष आमच्याच माथी मारायला. मी कागद परत केला.

सोमवारी सरकारी तपासणी आहे. मी सगळं खरं सांगणार, माझ्यासकट. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. त्याआधी तू ये आणि आईला घेऊन जा. मला शिव्या नंतर दे. घरी दर दोन तासांनी तिची कूस बदल, गजर लाव. आपलीच आहे म्हणून तिला मागे ठेवू नकोस.

तुझी, अजून म्हणशील तर,
धाकटी