टपाचा रंग

५ नोव्हेंबर २०१७, पिंपळगाव राजा

गाडीच्या टपाची साल निघाली. सकाळी धुताना एका जागी उचकटली होती. नख घातलं तर हातभर पापुद्रा सुटून आला, खालचा लाल रंग खडूसारखा. दोन उन्हाळे दुकानामागे उघड्यावर उभी होती, दुसरं काय होणार? पत्र्याखाली बियाण्याच्या थैल्या होत्या. थैल्यांना सावली दिली, हौसेला नाही.

पुण्याच्या एका डॉक्टरने वापरून सोडलेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. सायकलवर फवारणीच्या औषधाचे डबे घेऊन फिरलेल्या माझ्यासारख्या माणसाने ती आणली तेव्हा गावाला मजा वाटली होती. यंदा कुणाला वाटत नाही. कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी, आणि बियाणं माझ्या दुकानातलं! लोक भांडत नाहीत. बोंड फोडून काउंटरवर ठेवतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात.

आज रामराव म्हणाला, "काऊन बे उत्तम, गाडीले बी बोंडअळी लागली का?" सगळे हसले. मीही हसलो. गाडी विकून टाकावी असं तेव्हाच डोक्यात आलं. पण विकायची तरी टप नीट हवा. रंग मारायचा, की ते विनाइलचं रॅप चिकटवून घ्यायचं?

८ नोव्हेंबर

फकीर मोहम्मदला बोलावलं. स्टँडमागचा पेंटर, माझा जुना दोस्त. इथले निम्मे ट्रॅक्टर त्याच्या हातचे. बैल विकत घेताना पाठीवरून हात फिरवतात तसा टपावरून तळवा फिरवला.

"रंगच मारू. ते चिपकवाचं म्हणजे कापड हाय उत्तमभाऊ. कातडं नोहे."

"कधी?"

"तुम्ही म्हणान तवा. जिनिंगची रुई उडून राह्यली, ओल्या रंगात बसते. शटर पाडून मारतो."

बोलत बोलत वाकला आणि मला ऐकू आलं. त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती, विहिरीवरच्या मोटारीने हवा धरल्यासारखी बारीक. माझे कान तिखट. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच नगदीचं की उधारीचं ते चालीवरून कळतं. ही शिट्टी मागच्या वर्षी नव्हती. विचारलं नाही.

९ नोव्हेंबर

रंगच. फकीरभाईलाच द्यायचं.

१२ नोव्हेंबर

मतीन आला. फकीरभाईचा थोरला. खामगावला स्टिकर आणि रॅपचं दुकान टाकलंय त्याने. मला गोदामामागे घेऊन गेला.

"काका, अब्बाले टपाचं काम देऊ नका."

"काऊन, तुले पाहिजे काय?" मी चेष्टेने म्हणालो. तो हसला नाही.

अकोल्याच्या डॉक्टरने महिन्यामागेच सांगितलंय म्हणे, यापुढे रंग फवारायची गन हातात धरायची नाही, फुप्फुस राहिलं नाही.

"मी बोललो का म्हणतात, पोरगा बापाचा धंदा खाऊन राह्यला. तुमचं ऐकतीन. पण मी सांगतलं असं सांगू नका, काका. लई झोंबन त्याईले."

शब्द दिला.

१३ नोव्हेंबर

रॅप. पण सांगायचं कसं?

१५ नोव्हेंबर

सांगितलं. म्हणालो, गाडी विकायची आहे, घेणाऱ्याला कुठला रंग आवडेल काय माहीत. रॅप काय, काढून फेकता येतं.

फकीरभाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मतीनले देलं?"

"हो."

"बरं केलं. पोरगा शिकला." लाल रंगाचा नमुना एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून आणला होता त्याने, गाडीशी जुळवून. तो परत खिशात घातला. चहा सांगितला होता. न पिताच उठला. असं कधी झालं नव्हतं.

माझ्या पाठीमागे मास्कची खोकी होती. यवतमाळकडे फवारणीत माणसं गेली तेव्हापासून औषधासोबत देतोय. एक त्याच्या हातात ठेवला असता आणि म्हटलं असतं, दोस्ता, मला ऐकू येतं. पण मतीनला शब्द दिलेला. आणि खरं सांगायचं तर, दिवसभर बोलून माल खपवणाऱ्या माणसाला दोन वाक्यं सरळ बोलता आली नाहीत.

२२ नोव्हेंबर

टप झाला. मतीनने आधी सुटलेली सगळी साल पॉलिश पेपरने घासून काढली. नाहीतर रॅप तिच्यासकट वर येतं म्हणे. वर काळं विनाइल. काम चोख आहे. बायको वच्छला म्हणाली, "लाल लुगडं अन् वरतून छत्री."

फकीरभाई समोरून गेला. गाडी पाहिली, मला पाहिलं. हात वर केला आणि थांबला नाही.

३ डिसेंबर

रामरावने बातमी आणली. एका जिनिंगवाल्याच्या ट्रॉल्या फकीर मोहम्मदने रंगवायला घेतल्यात, सगळ्याच्या सगळ्या. कापूसच येत नाही तर ट्रॉल्या रिकाम्या उभ्या. "दिसभर शटर पाडून राह्यते बुढा. आपण हाक मारा, ओ देत नाही."

गेलो. आत कॉम्प्रेसर चालू होता. तो थांबला की खोकला, खोकला थांबला की कॉम्प्रेसर. शटर वाजवलं.

"कोण?"

"मी, उत्तम."

आत खोकल्याची उबळ. मग, "रंग ओला हाय भाऊ. उघडत नाही."

मतीनला फोन केला. "काका, मले बी अंदर घेत नाहीत." 

११ डिसेंबर

पुन्हा गेलो. शटर बंदच. या खेपेला कोण म्हणूनही विचारलं नाही.

१९ डिसेंबर

फकीरभाईला अकोल्याला नेलं. पहाटे श्वास मिळेना.

२१ डिसेंबर

नाकातोंडाला नळ्या. बोलता येत नाही. मला पाहून डोळे मिटून घेतले.

बाहेर बाकड्यावर बिलकिसभाभी होत्या. मी म्हणालो, भाभी, त्यांच्या तब्येतीसाठीच मी काम दिलं नाही. त्यांनी मान हलवली.

"डॉक्टरचं त्याईले सारं मालूम होतं, भाऊ. तुमची गाडी पाहून आले त्याच दिशी मले म्हणले, हा टप करतो अन् गन ठेवून देतो. आखरी काम दोस्ताचं. मग तुम्ही नाही म्हणले. घरी आले. म्हणले, बिलकिस, कोणी नाही म्हणलं म्हणून हात थांबवाचा नसते. अन् त्या ट्रॉल्या घेतल्या."

२२ डिसेंबर

गेला.